खाली बसून बघायचं चित्र

आमच्या शाळेत प्रोजेक्टर धड चालू करता येणारी मी एकटीच होते, म्हणून युरोपातली चित्रकला माझ्याकडे आली. चित्रकलेचे सर नोकरी सोडून इंदूरला गेले आणि नववीचा शनिवारचा शेवटचा तास रिकामा पडला. वेळापत्रकात त्याचं नाव 'कलेची ओळख' असं होतं. प्रिन्सिपल म्हणाले, "अपर्णा मॅडम, तुम्ही फिजिक्सवाल्या. लाइट, लेन्स, रंग, सगळं तुमचंच तर आहे. बस, बटन दाबायचं." मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला एक दिवस लागतो आणि तोपर्यंत वेळापत्रक लागलेलं असतं.

चित्रांविषयी मला काहीच माहीत नव्हतं. मी ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आणलं आणि प्रत्येक चित्राखालचं बारीक अक्षर वाचायला लागले. कशावर काढलं, कोणत्या साली, उंची किती, रुंदी किती. ते मला समजत होतं. चित्र समजत नव्हतं.

आई तेव्हा होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच असायची. नानाखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडते. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाच्या हातात कसली पिशवी, हे बघून ती कंटाळली होती. रविवारी दुपारी मी लॅपटॉप तिच्या पोटावर उशी ठेवून त्यावर ठेवायची आणि शनिवारची चित्रं तिला दाखवून बघायची. पाठ घ्यायच्या आधी प्रयोग करून बघतात, तसं.

व्हॅन आइकचं नवराबायकोचं चित्र दाखवलं तर आई म्हणाली, "पोटुशी आहे का गं ही?"

"नाही आई. झगा वर उचलून धरलाय. तेव्हाची पद्धत होती."

"बरं. आणि त्यानं चपला कुठे काढल्यात बघ. दारात काढायच्या तर खोलीच्या मध्ये. हा माणूस सगळ्या जगात सारखाच."

मग व्हर्मेरची दूध ओतणारी बाई आली. मी आईला सांगत होते की खिडकी डावीकडे आहे, उजेड अमुक कोनातून येतोय, निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडाचा. आई म्हणाली, "धार किती बारीक धरलीय. घरात कोणी आवाज देत नाहीये हिला."

शनिवारी वर्गात मी दगडाचं सांगितलं आणि मग आईचं वाक्य सांगितलं. दगडाच्या वेळी मुलं वहीत लिहीत होती. वाक्याला त्यांनी वर बघितलं. मागच्या बाकावरची मृण्मयी म्हणाली, "मैडम, मतलब उसको मालूम ही नहीं कि कोई देख रहा है." मग दुसरी कुणी बोलली, मग तिसरा. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी दप्तर आवरलं नाही. फिजिक्सच्या एकोणीस वर्षांत माझ्या तासाला असं झालं नव्हतं.

मग तीच पद्धत पडली. रविवारी आई, शनिवारी वर्ग. होल्बाइनच्या दोन राजदूतांच्या पायांशी एक लांबट, तिरपी, विचित्र वस्तू रंगवलेली आहे. आई म्हणाली, "हा काय, मासा पडलाय?" मी म्हटलं, "कवटी आहे. समोरून कळत नाही. एका बाजूला जाऊन, कडेनं बघायचं." आईनं लॅपटॉप स्वतःच्या हातानं वळवला, मान उशीवर तिरकी केली आणि तिला ती सापडली. "अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे एवढ्या मोठ्या चित्रासमोर सगळे उभे, आणि नीट दिसणार कोपऱ्यात उभं राहील त्यालाच. एका वेळी एकाला." वर्गात मी मुलांना एकेक करून पडद्याच्या कडेला बोलावलं.

गेल्या वर्षी पितृपक्षाच्या थोडं आधी आई गेली.

तास माझ्याकडेच राहिला. मी अभ्यास वाढवला. शिशाचा पिवळा, तांब्याचा हिरवा, कॅनव्हास कधीपासून वापरात आला, लाकडी फळीला तडे का जातात. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी चित्राकडे बघत बसायची आणि काय दिसतंय ते स्वतःला विचारायची. मला मोजता येईल तेवढंच दिसायचं. वर्ग शिस्तीत लिहून घ्यायला लागला. एका शनिवारी पहिल्या बाकावरच्या अनयनं हात वर केला. मला बरं वाटलं. त्यानं विचारलं, "मैडम, ये एग्जाम में आएगा?"

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या मंडळाचे सचिव भय्यासाहेब स्टाफरूममध्ये आले. त्यांचं घराणं जुन्या दरबारातलं. बोलण्यात अजून तो ठेवणीतला मोठेपणा आहे, पण माणूस वाईट नाही. त्यांनी सांगितलं की पालकांची मागणी आहे, शनिवारचा तास स्पर्धा परीक्षेच्या तयारीला, फाउंडेशन कोर्सला द्यावा. "मी लगेच काही ठरवत नाही. जानेवारीत प्रदर्शन आहे. मॅडमच्या वर्गानं काही करून दाखवावं, पालकांनी बघावं, मग बघू."

ते गेल्यावर जयू माझ्या शेजारी येऊन बसली. जयू संस्कृत शिकवते आणि शाळेत मला एकेरी हाक मारणारी तेवढी एकच. "दे ना सोडून," ती म्हणाली. "शनिवारी तासभर आधी सुटशील. घरी जाऊन आराम कर."

मी म्हटलं, "घरी आरामच असतो."

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण खरं तेच होतं. आठवड्यातला तो एक तास असा होता की मी काहीतरी बोलले तर उत्तरादाखल कोणी काय बोलेल हे मला आधी माहीत नसायचं. बाकी सगळ्या तासांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी दिलेली असतात. आणि घरी प्रश्नच नव्हते.

मी ठरवलं की एक चित्र त्याच्या खऱ्या आकारात आणायचं. पडद्यावर सगळी चित्रं सारखीच मोठी दिसतात. हातात मावेल असं चित्र आणि अख्खी भिंत व्यापणारं चित्र, मुलांच्या दृष्टीनं दोन्ही प्रोजेक्टरएवढी. खरा आकार बघितला तर कदाचित कोणी बोलेल. मी ब्रॉयगेलचे बर्फातले शिकारी निवडले. डोंगरउतारावर तीन शिकारी आणि कुत्र्यांचा घोळका, सगळे आपल्याकडे पाठ करून खालच्या गावाकडे चाललेले. खाली गोठलेली तळी, त्यावर घसरणारी लोकं, हिरवट आकाश. आईनं बघितलेलं ते शेवटचं चित्र होतं. ती म्हणाली होती, "एवढी माणसं, एवढी कुत्री, आणि मिळालं काय, तर एक कोल्हा. बायको काय म्हणेल, याचा विचार करत चाललेत." ते मी वर्गाला सांगितलं नव्हतं. ते तिच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं.

फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. सुट्टीत दूधवाला आणि भाजीवाली सोडून मी कुणाशी बोलले नव्हते, त्यामुळे दुकानात तोंड उघडलं तर आवाज आधी घोगराच निघाला. दुकानदार एकीकडे कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कापत होता.

"साइज़ बताओ मैडम."

"एक सौ सत्रह बाय एक सौ बासठ. सेंटीमीटर."

"फुट में बोलो ना. पौने चार, सवा पाँच कर दूँ?"

"नहीं, बराबर यही चाहिए."

"मैडम, फ्लेक्स है, सोना थोड़ी तौल रहे हैं." त्यानं आकडे टाइप केले. "पहले वाला चौड़ाई ना?"

"हाँ, पहले एक्स," मी म्हणाले.

चित्राच्या पुस्तकांत उंची आधी लिहितात, रुंदी नंतर. हे मला माहीत होतं. शाळा सुरू झाल्यापासून मी ते फळ्यावर लिहीत होते. पण आयुष्यभर आलेखाच्या कागदावर आधी आडवा अक्ष मांडलेल्या बाईला कोणी अचानक विचारलं की पहिला आकडा कशाचा, तर तोंडातून जे येतं ते आलं. मी पैसे दिले. गुंडाळी दुसऱ्या दिवशी मिळाली, वर्तमानपत्रात बांधलेली आणि चिकटपट्टीनं आवळलेली. ती तशीच नीट राहावी म्हणून मी उघडली नाही. प्रदर्शनापर्यंत ती आईच्या खोलीत कपाटामागे उभी होती.

प्रदर्शनाच्या सकाळी शिपायानं ती फळ्याच्या वर, नकाशे टांगायच्या हुकांना बांधली आणि सोडली.

शिकारी बांबूसारखे लांबलचक झाले होते. कुत्र्यांचे पाय हरणांसारखे. तळी विहिरींएवढी अरुंद, झाडं छताला भिडलेली. दुकानातल्या यंत्रानं आडवं चित्र उभ्या मापात ताणून बसवलं होतं. सगळा वर्ग एकदम हसला. मुलांना मी दोष देत नाही. ते हसण्यासारखंच होतं.

जयू दारात आली. "अगं अपर्णा, यांना काय पिळून वाळत घातलंस का?"

"आकडे उलटे सांगितले मी."

"तू?" ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. "तू? आपल्या शाळेत माप चुकलं, आणि ते तुझं!"

परत छापायला वेळ नव्हता. खालून बँडचा सराव ऐकू येत होता, पालक फाटकात यायला लागले होते. "काढून टाकू का?" शिपायानं विचारलं. मी थांब म्हटलं. उभ्यात चित्र जेवढं ताणलं होतं, आडव्यात तेवढंच आवळलं होतं. दोन्ही मिळून प्रमाण जवळजवळ दुप्पट बिघडलेलं. म्हणजे उंची निम्मी दिसली तर माणसं पुन्हा माणसं होतील. आणि उंची निम्मी दिसण्यासाठी चित्राला हात लावावा लागत नाही. आपण जागा बदलायची; कडेनं बघितलं की लांबी आखडते. जमिनीवर अंथरलं असतं तर सोपं होतं, पण वर्गातली बाकं फरशीत पक्की बसवलेली आहेत. मग एकच जागा उरत होती.

मी फळ्याजवळ गेले आणि भिंतीपासून तीनेक फुटांवर, साडी सावरत जमिनीवर बसले. मान वर केली.

शिकारी ठीक होते. वरची बाजू जराशी निमुळती, पण माणसं माणसांसारखी आणि कुत्री कुत्र्यांसारखी. तळी रुंद झाली होती. उतार खरोखर उतरत होता.

"मैडम, आप ठीक हो?" मृण्मयीनं विचारलं. मला चक्कर आली असं सगळ्यांना वाटलं होतं.

"इथे ये," मी म्हणाले आणि उठले. "बरोबर इथेच बस. आता वर बघ."

ती बसली. मग म्हणाली, "अरे. ये तो कवटीवालं झालं."

एकेक करून सगळे बसले. दोघं बसायला गेली तर एकाला तिरकं दिसायचं, म्हणून रांग लागली. बसणारा वर बघून बोलायचा आणि रांगेतल्यांना फक्त ऐकू यायचं, त्यामुळे त्यांना घाई व्हायची. "किसी का मुँह ही नहीं दिख रहा." "कुत्ते भी थक गए यार." "त्या तिथे मागे एका घराला आग लागलीय, आणि हे खाली आरामात खेळतायत." अनयनं विचारलं, "मैडम, ये लोग हारके आए हैं क्या?" मी आईचं कोल्ह्याचं वाक्य सांगितलं. सांगता आलं. तो म्हणाला, "मेरे पापा भी ऐसे ही चलते हैं, जब दुकान में कुछ नहीं बिकता."

मृण्मयी पुन्हा रांगेतून आली. या वेळी ती जास्त वेळ बसली. "मैडम, पुलावर एक बाई आहे," ती म्हणाली. "लाकडांची मोळी घेऊन चाललीय. एकटीच. सगळे तिकडे खेळतायत, हे तिकडून येतायत, हिच्याकडे कोणीच बघत नाहीये."

मी हे चित्र सेंटिमीटरनं ओळखत होते. पुलावरची बाई मी पाहिली नव्हती. आईनंही नाही.

तेवढ्यात प्रिन्सिपल आणि त्यांच्यामागून पाचसहा पालकांना घेऊन भय्यासाहेब आत आले. बंद गळ्याचा कोट, हातात काठी. मुलं बाजूला झाली. ते फळ्यासमोर, वर्गाच्या मधोमध उभे राहिले आणि वर बघितलं.

"वा," ते म्हणाले. "मोठं आहे. हे कोण, सैनिक?"

"शिकारी आहेत," मी म्हणाले. "चारशेपन्नासएक वर्षांपूर्वीचं चित्र आहे. खाली बसून बघितलं की नीट दिसतं."

"खाली? अहो मॅडम, मी खाली बसलो तर उठवायला चार जण लागतील." पालक हसले. प्रिन्सिपल जरा जास्त हसले. भय्यासाहेब पुन्हा बघायला लागले. "बाकी उंच आहेत हो. पण तिकडची माणसं असतातच उंच. थंड हवेची."

पालकांनी माना डोलावल्या. त्यांच्यामागून जयूनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मला कळलं ती काय म्हणतेय. काही बोलायचं नव्हतं. उंच माणसांच्या देशातलं उंच चित्र, एवढंच राहू द्यायचं, आणि तास राहिला असता.

"उंच नाहीत," मी म्हणाले. "छापताना उंची आणि रुंदीची अदलाबदल झाली. चूक माझी आहे. पण त्यामुळेच मुलांना—"

"असं होय," भय्यासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मग दुरुस्त करून घ्यायचं ना, मॅडम. पालक येतात, बघतात." आणि ते शेजारच्या वर्गातला ज्वालामुखी बघायला गेले. त्यातून खरा धूर येत होता.

"मैडम, आपने बोला क्यों?" अनय म्हणाला.

मुलं फळ्याखाली जमली होती. खाली बसून त्यांनी जे स्वतः बघितलं होतं ते त्यांच्यासमोर खोटं ठरवून मी पुढच्या शनिवारी काय शिकवणार होते, हे मला तेव्हा मांडता आलं नाही.

सोमवारी जयूनंच सांगितलं. "फाउंडेशनला गेला तास. भय्यासाहेब म्हणत होते, कल्पना चांगली होती, फक्त फोटो नीट छापायला हवा होता." तिनं तिच्या डब्यातला साबुदाणा वडा माझ्या झाकणावर ठेवला. "एक शब्द गिळला असतास तर?"

"उतरला नसता," मी म्हणाले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

नवं वेळापत्रक फळ्यावर लागलं. पहिल्या शनिवारी मी तासभर आधी सुटले. फ्लेक्सची गुंडाळी ई-रिक्षात मावेना, म्हणून ती उभी धरून बसले. देवास गेटजवळ रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "मैडम, किसका पोस्टर है? चुनाव तो अभी है नहीं."

"शिकारियों का," मी म्हणाले. त्यानं पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

आईचा पलंग मी मागेच दवाखान्याच्या एका संस्थेला दिला. तिच्या खोलीत आता भिंतीवर कॅलेंडरचे दोन खिळे आहेत, वरच्या बाजूला, छतापासून हातभर खाली. मी स्टुलावर चढून फ्लेक्स त्यांना बांधला. खिडकीतून चार-साडेचारचा उजेड येत होता. समोरच्या जिन्यावरून कोणी चढत होतं, हातात नारळाची पिशवी होती. मी अंतर डोळ्यांनी मोजलं आणि भिंतीपाशी खाली बसले.

शिकारी घरी चालले होते. पुलावरची बाई होती तिथेच होती, मोळी घेऊन. बराच वेळ मी तिच्याकडे बघत राहिले. घरी जाऊन तिला चूल पेटवायची असणार आणि बाहेर सगळीकडे बर्फ होता.

"लाकडं ओली असणार गं तिची," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. वर्गातला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि एवढ्याशा खोलीत तो जास्तच झाला. मी हे कुठे वाचलं नव्हतं. आईनंही सांगितलं नव्हतं.

मग मी जरा बाजूला सरकले. एका वेळी एकालाच नीट दिसतं, म्हणून. तिथून शिकारी थोडे कलले, पुलही कलला, पण कोण कुठे चाललंय ते कळत होतं. ती मधली जागा मी तशीच सोडून बसून राहिले, उजेड जाईपर्यंत.